मैलारप्पाचा अमेरिकेतला नंबर

“केस कापले? आगं, कुनाला इचारून कापले? मल्लण्णाला इचारलीस? मला इचारलीस? पोरगं तुझं असंल, पर त्याच्या डोस्क्यावरचं जावळ देवाचं हाय! ते काय बांधावरचं गवत हाय व्हय, वाढलं की कापलं?”

मैलारप्पा माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून अमेरिकेशी बोलत होता. मोबाइल कानाला होता, पण तो आपला रीत म्हणून. आवाज असा, की टेक्सासला तो बिनफोनाचाही पोचला असता. समोरच्या हायवेवर हैदराबादेकडं निघालेल्या दोन लॉऱ्या आपल्यालाच कोणीतरी ओरडतंय असं समजून बाजूला लागल्या. एका ड्रायव्हरनं उतरून मागचं चाकही तपासलं.

पलीकडून त्याची लेक सुमी काहीतरी सांगत होती. मला तुटक तुटक ऐकू आलं. “डोळ्यात जायलते अप्पा… पोरगं रडायलतं…”

“मग शेंडी बांधायचीस! रबर लावायचीस! तुमच्या अमेरिकेत रबर मिळत न्हाई?”

आता न कळणाऱ्यांसाठी सांगतो. आमच्या भागात, बिदरकडच्या कर्नाटकात, धनगराच्या पोराचं पहिलं जावळ मैलारला, मल्लण्णाच्या दारात उतरतं. पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, डोक्यावर भंडारा उधळायचा आणि मग कात्री. सुमीला सख्खा भाऊ नाही. म्हणून मामाच्या जागेवर माझी नेमणूक झालेली होती. ती माझ्याच दुकानात कॉम्प्युटर शिकली आणि जाताना मला राखी बांधून गेली, एवढीच माझी पात्रता. मांडीचा मान मिळणार म्हणून मी नवं धोतरसुद्धा शिवून… म्हणजे विकत घेऊन ठेवलं होतं. आणि तिकडं टेक्सासातल्या कुठल्याशा न्हाव्यानं, पोराला मोटारीच्या आकाराच्या खुर्चीत बसवून, सगळं जावळ भुईला पाडलं होतं.

मैलारप्पानं डाव्या हातानं कमरेची पिशवी चाचपली, आणि बाजारातल्या शहाण्या माणसांनी श्वास रोखले. त्या पिशवीत भंडारा असतो, देवाची हळद. ती पिशवी उघडली की हुमनाबादेतली एखादी गोष्ट कायमची गेली, हे सगळ्यांना ठाऊक.

त्यानं चिमूट उचलली, कपाळाला लावली, उरलेली मोबाइलच्या बटणांवर चोळली.

“मैलारच्या मल्लण्णाची आण! तुझ्या नंबरवरनं आलेला फोन म्या उचलनार न्हाई. तुझ्या नंबरला म्या लावनार न्हाई. आन् दुसऱ्याच्या हातातला फोन कानाला लावून तुझ्यासंगं बोलनार न्हाई. शब्द म्हंजे शब्द!”

आणि फोन बंद केला.

मैलारप्पा आण घेतो. बाकीची माणसं तंबाखू खातात, पत्ते खेळतात, निवडणुकीला उभी राहतात. मैलारप्पा आण घेतो. ज्या वस्तूवर आण घेतली तिला भंडाऱ्याचा ठिपका लावतो. त्यामुळं हुमनाबादेत कुठंही पिवळा ठिपका दिसला की समजावं, ही वस्तू अप्पानं सोडलेली आहे. बसस्टँडच्या खांबावर ठिपका आहे. शिवण्णाच्या हॉटेलच्या चौकटीवर आहे. सरकारी दवाखान्याच्या वजनकाट्यावर आहे. एका वासरावरही होता, पण ते मोठं होऊन विकलं गेलं. परगावचे लोक ठिपके बघून विचारतात, इथं काही जुनं देवस्थान आहे काय? आम्ही म्हणतो, आहे, फिरतं आहे.

बसस्टँडच्या खांबाची गोष्ट अशी. एका कंडक्टरनं अप्पाच्या काखेतल्या कोकराचं तिकीट मागितलं. अप्पा म्हणाला, कोकरू बसलेलं न्हाई, मी बसलोय, ते माझ्यावर बसलंय. कंडक्टर ऐकेना. अप्पानं भंडारा काढला आणि कर्नाटकाच्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणून आण घेतली. तेव्हापासून अप्पा हुमनाबादेहून कलबुर्गीला जातो तो महाराष्ट्राच्या लाल गाडीनं. म्हणजे आधी उमरगा, मग सोलापूर, तिथं मुक्काम, मग अक्कलकोटवरून उतरती गाडी. आम्हाला कलबुर्गी म्हणजे सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत. अप्पा एकदा कलबुर्गीला भाच्याच्या लग्नाला म्हणून निघाला, तो पोचला तेव्हा बारशाच्या घुगऱ्या वाटणं चालू होतं. तरी म्हणाला, “आलो का न्हाई? शब्द म्हंजे शब्द.”

पण अप्पाचं खरं कसब आण घेण्यात नाही, आणेतून वाट काढण्यात आहे. शिवण्णाशी भांडण झालं आणि त्याच्या हॉटेलचा चहा पिणार नाही अशी आण झाली, तेव्हा आम्हाला वाटलं, आता हा चहाविना मरतो. दुसऱ्या दिवशी अप्पा घरनं पितळी गिलास घेऊन आला. शिवण्णाच्या कपातला चहा गिलासात ओतून घेतला आणि म्हणाला, “आता ह्यो माझ्या गिलासाचा चहा.” गेली कित्येक वर्षं तो रोज शिवण्णाच्याच हॉटेलात स्वतःचा चहा पितो.

अप्पाला आपल्या ह्या कसबाची भीती इतकी, की मोठी आण घेताना तो स्वतःच्याच वाटा बुजवून घेतो. म्हणून तर सुमीच्या आणेला तीन कलमं होती. उचलणार नाही, लावणार नाही, दुसऱ्याच्या हातातला घेणार नाही. सगळ्या बाजूंनी काटे लावले, आणि मग ध्यानात आलं की आपण कुंपणाच्या आत उभे आहोत.

अप्पाकडं पूर्वी मोठा कळप होता. हायवे रुंद झाला, कारखाने आले, चरायचं रान तारेच्या आत गेलं, मेंढरं विकली. मेंढरं गेली तरी हाळी राहिली. जीभ टाळूला लावून “ट्र्रऽ ट्र्रऽ हो हो होऽ” असा एक आवाज तो काढतो. त्या आवाजानं पूर्वी शेपाचशे मेंढरं वळायची. आता त्याच आवाजानं तो बायकोला बोलावतो, रिक्षा थांबवतो आणि पंचायतीत मत मांडतो. सुमी लहान असताना गल्लीत कुठंही खेळत असली तरी संध्याकाळी दारातून अप्पाची हाळी यायची, आणि सुमी जिथं असेल तिथून “बेंऽऽ” करून ओरडायची आणि पळत सुटायची. इंजिनियरिंगला बिदरला जाईपर्यंत ओरडायची. हॉस्टेलला निघताना बसच्या खिडकीतूनही ओरडली होती. अख्खी गाडी मागं वळून बघत होती, कोकरू कुठंय म्हणून.

तर आण झाली आणि पहिला रविवार आला.

सुमीचा फोन रविवारी सकाळी यायचा. त्या रविवारी अप्पा माझ्या पायरीवर येऊन बसला. मोबाइल समोर पायरीवर ठेवला, आणि विंचू बघावा तसा बघत राहिला. फोन वाजला. वाजत राहिला. भंडाऱ्यानं पिवळी झालेली बटणं लुकलुकली. अप्पानं दोन्ही हात काखेत घातले आणि गच्च दाबून धरले. फोन थांबला. अप्पा म्हणाला, “थांबला.” मी म्हणालो, “हं.” हुमनाबादेच्या इतिहासात अप्पा पायरीवर आहे आणि आवाज नाही, असं पहिल्यांदा घडत होतं.

लक्ष्मीअक्काला, म्हणजे त्याच्या बायकोला, असली काही आण नव्हती. ती आत येऊन माझ्या दुकानातल्या फोनवर सुमीशी यथेच्छ बोलायची. अप्पा पायरीवर पाठ करून बसायचा. अक्का बाहेर आली की हायवेकडं बघत विचारायचा, “तिकडं पाऊस कसा हाय?”

“कुठं?”

“तिकडं. अमेरिकेत.”

“फोन लावून इचारा की.”

“मला काय करायचंय? तुरीसाठी इचारलो.”

“तिकडं तूर पेरत न्हाईत. आन् मी काय तुमची टपालवाली न्हाई, हिकडचं तिकडं करायला. पोरगं चालायलंय का, पडायलंय का, काई सांगनार न्हाई. आण घेताना मला इचारलात?”

अक्का निघून जायची. अप्पाच्या पितळी गिलासातला चहा तसाच गार व्हायचा. असे किती रविवार गेले कुणास ठाऊक. एवढं खरं, की मी गाजरासारखा तांबडा बघितलेला हा माणूस हळूहळू शिळ्या भाकरीच्या रंगाचा व्हायला लागला.

मी सुमीला फोनवर म्हणालो, “अगं, तू दुसरा नंबर घे. आण ह्याच नंबरची आहे.”

ती म्हणाली, “मी कामून बदलू अण्णा? मी काय चोरी केली? माझा नंबर हाच. उचलायचा तर ह्योच उचलू द्या.”

मेंढ्याची लेक. शिंगं घेऊनच जन्मलेली.

आता माझं दुकान. आधी ते एसटीडीचं होतं. लोक काचेच्या खोलीत जाऊन ओरडायचे. मोबाइल आले, ती खोली ओस पडली, तिच्यात मी कॉम्प्युटर बसवले. मग इंटरनेटवरून फोन करायची सोय निघाली. कानावर टोपण घालून बसायचं आणि दुबईशी बोलायचं. एक दिवस औद्योगिक वसाहतीतला एक कारकून आला होता, त्याला मी समजावत होतो. यात नंबर आपण निवडायचा. गाव आपण निवडायचं. अमेरिकेतला नंबर हुमनाबादेत बसून घेता येतो. आणि फोन लावला की समोरच्याला कुठला नंबर, कुठलं नाव दिसावं, तेही आपणच भरायचं.

पायरीवर पाठ करून बसलेल्या अप्पाच्या पाठीला कान फुटले. कारकून गेल्यावर तो आत आला. अप्पा माझ्या दुकानाच्या आत कधी येत नसे. पंखा गरगर फिरतो, मुंडकं उडेल म्हणून.

“शिरपाअण्णा,” तो म्हणाला, “त्यो नंबर कुनाचा ऱ्हातो?”

“ज्याच्या नावावर खातं, त्याचा.”

“पहाणीसारखं?”

पहाणी म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा उतारा. “तसंच समजा,” मी म्हणालो.

“म्हंजे पहाणी माझ्या नावावर. मग रान कसायला कोनीबी का असंना. रान माझंच.”

“तुमचंच.”

“कसनारं टेक्सासात बसून कसलं, तरी माझंच.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शिवण्णाच्या चहाचा पितळी गिलास! अप्पाला सुमीसाठी नंबर नको होता. अप्पाला स्वतःसाठी अमेरिकेत नंबर हवा होता, तो सुमीनं वापरायचा, आणि मग जो फोन येईल तो सुमीच्या नंबरवरून नाही तर अप्पाच्या स्वतःच्या नंबरवरून येईल.

“पण अप्पा, देवाला हे चालेल?”

अप्पानं दोन बोटं वर केली. “देव शब्द ऐकतो. ‘तुझ्या नंबरवरनं’ म्हनलो का न्हाई? म्हनलो. माझ्या नंबरवरनं म्हनलो का? देवाचा हिशेब चोख हाय, म्हून तर आपला चालतो.”

खातं उघडलं. पडद्यावर अमेरिकेतल्या राज्यांची नावं आली. मी वाचत गेलो. अप्पा प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारी, “मेंढरं हायेत?” मला काय माहीत, पण मी धडाधड सांगत गेलो. इथं आहेत, इथं नाहीत, इथं आहेत पण लोकर बरी नाही. वायोमिंग म्हणून एक राज्य आलं. तिथं माणसांपेक्षा मेंढरं जास्त, असं मी ठोकून दिलं. अप्पाचे डोळे चमकले. असं राज्य पृथ्वीवर आहे हे ऐकून तो क्षणभर खुर्चीत सैल झाला. मग म्हणाला, “पर तिथं आपलं कोन हाय?”

“कोणी नाही.”

“फुडं चल.”

टेक्सास आलं. “हितं?” त्यानं निष्पाप चेहऱ्यानं विचारलं.

“इथं तुमची सुमी आहे.”

“असंल. आपल्याला काय करायचंय. हितलाच बघ. पानी बरं असंल.”

मग सुमीच्या गावाचे नंबर पडद्यावर उतरले, एकाखाली एक, दावणीला बांधल्यासारखे. आणि अप्पानं बाजारात मेंढरू निवडावं तसा नंबर निवडायला सुरुवात केली. मेंढराचा जबडा उघडून दात बघतात. किती दाती आहे त्यावरून वय कळतं. अप्पा पडद्याला नाक लावून आकड्यांचे दात बघू लागला. “ह्यो दोनदाती हाय, कोवळा. ह्याच्यात सात लई. सात म्हंजे लंगडं, एका पायावर उभं. ह्यो बघ, मधीच शून्य. मधी शून्य असलेला नंबर म्हंजे पोट रिकामं. ह्यो तर पार म्हातारा, दात पडलेला.”

मी ‘पुढचे नंबर’ दाबत होतो. दाबून दाबून माझ्या बोटाला घट्टा पडला. सकाळी दुकानात नेट वापरायला आलेली पोरं कंटाळून घरी गेली, जेवून परत आली, तरी आमची दावण चालूच. शेवटी मी वैतागून म्हणालो, “अप्पा, तुम्हाला नक्की कसला पाहिजे?”

अप्पानं इकडं तिकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणायला लागला. आमच्या जुन्या धनगरांची मोजणी विसाची असते. सत्याऐंशी म्हणत नाहीत, चार ईस सात म्हणतात. अप्पा तसा एक लांबलचक नंबर विसाविसानं बोलत गेला. मंत्र म्हणावा तसा, कुठं अडखळला नाही. मला पहिल्यांदा कळेना हा कसला नंबर. मग कळलं. सुमीचा. स्वतःचा नंबर सांगायला ज्याला फोनच्या मागची चिठ्ठी बघावी लागते, त्याला लेकीचा अमेरिकेतला नंबर तोंडपाठ होता.

“ह्याच्या बांधाला बांध लागून असंल तसा बघ,” तो म्हणाला. “म्हंजे हाक मारली तर ऐकू जावं.”

मी शोधत राहिलो. अगदी शेजारचा मिळाला नाही, पण शेवटचे दोन आकडे सोडले तर बाकी सगळा सारखा असा एक मिळाला. अप्पा म्हणाला, “एक बांध सोडून. चाललं. येता जाता दिसंल.”

पैसे तो देणार, मी घेणार नाही, यावर एक चकमक झाली. शेवटी त्यानं मला एक काळी घोंगडी आणून दिली. अजून आहे. थंडीत पांघरली की मी स्वतः मेंढरू आहे असं वाटतं, इतकी ती खरी आहे.

मग चाचणी. मी आत कॉम्प्युटरवरून त्या नंबरानं अप्पाला फोन लावला. अप्पा पायरीवर. त्याच्या मोबाइलवर नुसती शून्यं उमटली, एका ओळीत.

“उचला की अप्पा!”

“कुनाला उचलू? तोंडाला फडकं बांधून आलेला मानूस हाय ह्यो. नाव न्हाई, गाव न्हाई. दरवडेखोर असंल.”

मी परत बघितलं. ‘समोरच्याला काय दिसावं’ हा रकाना मी कोराच सोडला होता. भरला. त्याच्या मोबाइलमध्येही तो नंबर नावासकट घालून ठेवला. नाव काय घालू विचारलं, तर म्हणाला, “ज्याचा नंबर त्याचं नाव.” परत लावला. आता त्याच्या पडद्यावर ठसठशीत अक्षरं आली. मैलारप्पा.

अप्पा दचकून उभाच राहिला. “मी तर हितं हाय!”

“उचला!”

त्यानं उचलला. माझा आवाज ऐकून बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “नाव माझं, आवाज तुझा. जमलं.”

आता राहिली सुमी. तिला मी सगळं सांगितलं. पलीकडं हसू की रडू, काही कळेना असा आवाज झाला.

“म्हंजे मी अप्पा होऊन अप्पाला फोन लावू?”

“होय. तुझा नंबर बदलायचा नाही. तुझा तुझ्यापाशी राहील.”

ती म्हणाली, “लावते. पर आधी मी बोलनार न्हाई. फोन त्यांनी बंद केला होता, मी न्हाई. आधी त्यांनी बोलायचं. आण हाय.”

“अगं, तुझ्याकडं भंडारा कुठला?”

“निघताना अप्पांनीच पुडी दिली होती. म्हनाले, परमुलुखात लागंल.”

हे मी अप्पाला सांगितलं. अप्पाचा चेहरा आधी फुलला. पुडी टाकली नाही, जपलीय, म्हणून. मग तोच चेहरा आवळला. “लावनाऱ्यानं आधी बोलायचं अशी रीत हाय. दार वाजवनारा आधी बोलतो का घरातला?” त्याचा हात कमरेला गेला. मी “अप्पा, नको, नको!” म्हणेपर्यंत पिशवी उघडली होती. “मल्लण्णाची आण! आधी एक शब्द बोलनार न्हाई!”

म्हणजे एवढा खटाटोप करून, दोन देशांच्या तारा जोडून, मी दोन मुक्या माणसांची गाठ घालून दिली होती.

रविवार उजाडला. बातमी कशी फुटली माहीत नाही, पण माझ्या पायरीसमोर ही गर्दी. सात खेड्यांची माणसं आली होती. निदान तीन गल्ल्यांची तरी नक्की. शिवण्णा हॉटेल सोडून दारात उभा. लक्ष्मीअक्का पदर खोचून अप्पाच्या शेजारी बसली. अप्पानं नवा फेटा बांधला होता, जणू फोनमधून दिसणार होता.

वाजला. पडद्यावर मैलारप्पा.

अप्पानं उचलला आणि कानाला लावला. कोणी बोलेना. पडद्यावर सेकंद पळायला लागले. अप्पाचा खालचा ओठ दोनदा हलला, त्यानं तो दातांत धरला. पलीकडं सुमीचा श्वास ऐकू येत असावा, कारण अप्पा फोन कानात घुसवायला लागला होता.

“बोला की वो!” अक्का म्हणाली.

अप्पानं मान हलवली. नाही.

“आवं, एक अक्षर बोला! तिकडं पोरगी जीव धरून बसली असंल!”

मान परत हलली. पण या वेळी डोळे अक्काकडं नव्हते, हायवेपलीकडं होते. तिथं कारखान्याची तारेची भिंत आहे. पूर्वी तिथं कुरण होतं. अप्पा तिकडं बघत राहिला. मला स्पष्ट दिसलं, की त्याच्या तोंडात शब्द येऊन अडकलाय आणि भंडारा त्याला बाहेर पडू देत नाहीये. एवढ्या वाटा काढणारा माणूस. एकही वाट उरली नव्हती.

मग त्यानं जीभ टाळूला लावली.

“ट्र्रऽ ट्र्रऽ… हो हो होऽऽ”

हाळी म्हणजे काही शब्द नव्हे. ती कोणत्याच भाषेत नाही. आण मोडली नाही, आणि हाक तर गेली.

पलीकडं काहीच नाही. सेकंद पळतायत. मला वाटलं, लाइन तुटली.

आणि मग त्या पिवळ्या फोनमधून, टेक्सासातून, मोठ्या बाईच्या घशातून निघालेलं, फाटलेलं, ओलं असं एक “बेंऽऽऽ” आलं. पायरीवरच्या सगळ्यांना ऐकू आलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं एक आलं. बारकं, बेसूर, कुणाचं तरी बघून केलेलं.

अप्पानं फेट्याचा शेव सोडवून तोंडावर घेतला. बराच वेळ आत काय चाललं होतं ते आम्हाला दिसलं नाही. ती हाकच सुमीनं त्याचं बोलणं धरलं असावं, कारण पलीकडून ती बोलायला लागली; मग शेवाआडून त्याचं बोलणं सुरू झालं, आणि मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला हळू बोलताना ऐकलं.

“जावळ टाकली न्हाईस ना?… सगळं गोळा केलीस?… न्हाव्याच्या भुईवरनं?… व्हय… बरं केलीस… पुडीतच ठेव, भंडाऱ्यात… आलीस की जाऊ मैलारला… मामा तयारच हाय, धोतर आनून बसलाय… चालायलंय? पळायलंय?… आरं मर्दा!… आनखी एकदा कर म्हनावं… बेंऽ… बेंऽ…”

अक्का उठून आत गेली. गर्दी आपोआप पांगली. असल्या वेळी उभं राहायचं नसतं, एवढी अक्कल आमच्या गावाला आहे. मीही आत जाऊन उगाच एक कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

फोन संपला तेव्हा ऊन पायरीवर आलं होतं. शिवण्णा चहा घेऊन आला. त्याच्या पोटात मघापासून प्रश्न घोळत होता. कपातला चहा अप्पाच्या पितळी गिलासात ओतता ओतता, जणू काहीच माहीत नाही असा तो अर्ध्या कानडीत म्हणाला, “यारप्पा? कोन व्हतं, अप्पा? कुनाचा फोन एवढा येळ?”

अप्पानं फोन धोतराला पुसला, पडद्याकडं बघितलं आणि गिलास उचलला.

“माझाच,” तो म्हणाला.